टिल्लीच्या नावावर एक ‘पुन्हा’

हृदयाच्या झडपांची रजिस्ट्री सांभाळणाऱ्या ताईंबद्दल त्या इस्पितळात ज्या गोष्टी सांगितल्या जात, त्यातल्या निम्म्या थापा होत्या. पण कुठल्या निम्म्या, हे छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नसे. म्हणे, एका सर्जननं फॉर्मवर ‘झडप उत्तम बसली’ एवढंच लिहून पाठवलं, तर ताईंनी तो परत धाडला आणि वर चिठ्ठी डकवली, ‘उत्तम म्हणजे किती मिलिमीटर?’ म्हणे, ताई लिफ्टमध्ये शिरल्या की भुलेचे डॉक्टर जिन्यानं जात, कारण वरचा मजला येईपर्यंत राहिलेल्या सगळ्या तारखा त्या वदवून घेत. आणि म्हणे, ऑपरेशननंतर एका पेशंटला जरा शुद्ध येत होती, त्यानं डोळे किलकिले करून विचारलं, “मी कुठं आहे?” तर पलंगाशी उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, “ते नंतर बघू. आधी जन्मतारीख सांगा, फाइलवर दोन आहेत.” ही शेवटची गोष्ट मात्र खरी असावी. जो वॉर्डबॉय ती सांगत फिरे, त्याला थाप मारण्याइतकी कल्पनाशक्तीच नव्हती.

ताईंची खोली कॅथ लॅबच्या मागे, कॉरिडॉरला पुढे जायला जागा उरत नाही तिथं होती. खिडकी होती, पण खिडकीबाहेर वातानुकूलनाचा जाडजूड पत्र्याचा पाइप आडवा पडलेला. त्यामुळे बाहेर ऊन आहे की आभाळ, हे ताईंना डॉक्टरांच्या बुटांवरून कळे. दोन टेबलं समोरासमोर. एक ताईंचं, दुसरं चष्मेवाल्याचं. हा चष्मेवाला ताईंचा सहकारी, शांत, कामसू आणि जांभई देतानाही तोंडावर फाइल धरणारा. ताईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक नमुन्याची झडप ठेवलेली असे. एका कंपनीनं भेट दिलेली. कुणाच्या हृदयात बसायचं तिच्या नशिबी नव्हतं, तर निदान हृदयांच्या कागदांवर बसली होती.

काम सांगायला सोपं. कितीतरी इस्पितळांची मिळून ही एक रजिस्ट्री. ज्याची झडप बदलली किंवा दुरुस्त केली, त्याची त्यात नोंद व्हायची. कुणी केली, कुठली बसवली, पुढं त्या माणसाचं कसं चाललंय, जिना चढताना दम लागतो का. त्यातल्या एका रकान्याचं नाव काढलं की भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडत. त्या रकान्याचं नाव होतं ‘पुन्हा’.

नियम असा होता : ज्या झडपेला एकदा हात लागला, तिला परत हात लावायची वेळ आली, मग छाती उघडून असो की मांडीतल्या नसेतून तार घालून, तर ते ‘पुन्हा’. आणि त्या ‘पुन्हा’ची गाठ पहिल्या ऑपरेशनशी मारायची, म्हणजेच पहिल्या सर्जनच्या नावाशी. वर्ष संपलं की प्रत्येकाच्या पानावर तो आकडा उमटे.

सर्जन मंडळी तणतणत येत. “अहो ताई, पेशंटनं दाताचं दुखणं अंगावर काढलं, जंतू गेले रक्तात आणि बसले झडपेवर. यात माझा काय दोष?”

“दोष कुठं विचारलाय डॉक्टर? पुन्हा झालं का, एवढंच विचारलंय.”

“झालं. पण…”

“‘पण’ला रकाना नाही.”

अशा या बाईच्या काळजात एकच मऊ जागा होती, आणि ती जागा उंचीनं दाराच्या चौकटीला टेकायला आली होती. तिचं नाव टिल्ली. जन्मली तेव्हा बापाच्या तळहातावर मावली, म्हणून टिल्ली. पुढं तिनं उंची अशी घेतली, की बसमध्ये उभी राहिली तर कंडक्टर तिच्याकडंच बघून पुढचा थांबा कुठला ते विचारी. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आईवडील लवकर गेले. ताईंनी कॉलेज सोडलं, इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये चिकटल्या, आणि धाकटीला शिकवलं. शिकवलं ते इतकं, की ती त्याच इस्पितळात हृदयाची सर्जन होऊन आली.

बाकी जगाला मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या ताई टिल्लीची गोष्ट निघाली की हातवारे करून मोजत. “एवढीशी होती! एवढीशी असताना उशी फाटली म्हणून तिनं टाके घातले. असे बारीक, की फाटली कुठं होती ते उशीलासुद्धा सांगता येईना.” यातलं किती खरं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पुरावा मागायची सवय ताईंनी सगळ्यांना लावली होती, फक्त स्वतः सोडून.

पण कामात भेसळ नको म्हणून ताईंनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं : धाकट्या बहिणीच्या केसेसची नोंद समोरचं टेबल करील, मी त्याला हात लावणार नाही. आणि लावला नव्हता. मग चष्मेवाल्याच्या घरी बाळ जन्माला आलं. तो रजेवर गेला, आणि नेमकं वर्ष बंद व्हायला आलं.

वर्ष बंद होणं म्हणजे रजिस्ट्रीला कुलूप. त्या तारखेनंतर नोंदीत काडीचाही फरक करायचा तर अर्ज, अर्जावर कारण, कारणावर विभागप्रमुखांची सही. समोरच्या टेबलावर टिल्लीच्या फाइलींची चळत तशीच पडलेली. ताई दोन दिवस तिच्याकडं पाठ करून बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “कुणीतरी करायलाच हवं,” आणि खुर्ची फिरवली. या जगातले बरेच घोटाळे याच वाक्यानं सुरू होतात.

चळतीत सगळ्यात वर शिंपीकाकांची फाइल होती.

शिंपीकाका म्हणजे बाजारपेठेतले जुने शिंपी. गेल्या वर्षी त्यांची झडप चुन्यानं दगडासारखी झाली होती. टिल्लीनं ती बदलली. सगळं छान झालं. काही महिन्यांनी काकांना पुन्हा दम लागायला लागला. हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं, की नवी झडप ठणठणीत आहे, पण तिच्या कड्याच्या बाजूनं, एका जागी, रक्त मागं गळतंय. मग कॅथ लॅबमध्ये मांडीतून तार नेऊन तिथं एक बारीकशी डबी बसवली आणि गळती बंद केली. काका दुसऱ्या दिवशी चालत घरी गेले.

आता ही नोंद करायची. नियमानं पाहिलं तर सरळ ‘पुन्हा’. त्याच झडपेला परत हात लागला, विषय संपला. पण बसवलेली डबी होती ती हृदयाच्या पडद्यातली भोकं बुजवायची. ‘इतर उपचार’ या यादीत तिचं नाव अगदी ठळक होतं. तिथं टिचकी मारली तर कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. टिल्लीच्या पानावर ‘पुन्हा’ शून्य राहिलं असतं.

आणि या वर्षी ते पान महत्त्वाचं होतं. विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते सुरी खाली ठेवणार होते. त्यांचं ऑपरेशनचं टेबल कुणाला द्यायचं हे समिती ठरवणार होती. समितीपुढं टिल्लीचं नाव होतं, आणि समिती पान बघणार होती. टिल्लीच्या केसेस अजून मोजक्या. मोजक्यात एक म्हणजे टक्केवारीला पडलेलं भगदाडच.

ताई विचार करत होत्या आणि दारावर टकटक झाली. तपासणीला आलेले शिंपीकाकाच दारात उभे होते. दर तपासणीनंतर पेशंटनं ताईंकडं येऊन चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, असा शिरस्ता होता.

“बसा काका. जिना चढताना दम लागतो?”

“जिना? अहो, परवा दुकानाच्या पोटमाळ्यावर चढलो. चढलो आणि आठवेना कशाला चढलो. परत उतरलो, परत चढलो. दम नाही लागला, बायकोचा धीर मात्र सुटला.” काकांनी ताईंच्या खांद्याकडं टेलरच्या नजरेनं पाहिलं. “बाई, तुमचा डावा खांदा उतरता आहे. ब्लाउज कुणी शिवला? त्याला सांगा, डाव्या बाजूला जरा कापूस घालत जा.”

“पायावर सूज?”

“नाही. छातीत धडधड नाही, झोप लागते, औषध घेतो. पुढचं विचारा.” मग संगणकाच्या पडद्याकडं बोट करून म्हणाले, “हे काय, माझंच चाललंय का?”

“तुमचंच. तारेनं गळती बंद केली ना, त्याची नोंद.”

काका पुढं झुकले. “बाई, एक सांगू? लहान तोंडी मोठा घास. माझ्या दुकानात कोटाची शिवण कधी उसवली, तर मी गिऱ्हाइकाला चहा पाजतो आणि आत जाऊन गुपचूप दोन टाके घालतो. ते का कुठं लिहून ठेवायचं असतं? कोट शिवला त्याचं नाव. उसवल्याचं कसलं नाव! तुमच्या त्या उंच डॉक्टरीणबाईंचा हात म्हणजे सोनं आहे. छातीवरची शिवण बघा हवं तर…” काका बटणाला हात घालायला लागले.

“नको, नको! फोटो आहे फाइलला.”

“मग झालं तर. पोरीच्या नावाला बट्टा नका लावू.” आणि काका नवीन झडपेच्या जोरावर टकाटका पावलं टाकत निघून गेले.

दुरुस्तीची नोंद ठेवू नये, हे सांगणाऱ्या माणसाच्या छातीत स्वतःचीच दुरुस्ती टिकटिकत होती. पण त्या क्षणी ताईंना त्याचं बोलणं देववाणीसारखं वाटलं. आपल्याला जे ऐकायचं असतं ते शिंप्यानं सांगितलं काय, न्हाव्यानं सांगितलं काय, माणूस ते वेदवाक्यच मानतो.

ताईंनी ‘इतर उपचार’वर टिचकी मारली. आभाळ कोसळलं नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, ‘नोंद जतन झाली.’ त्याच संध्याकाळी वर्ष बंद झालं.

घरी ताई त्या दिवशी भलत्याच लाडात आल्या. टिल्लीच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं, तिचे बूट पुसून ठेवले, “थकलीस का गं?” असं तीनदा विचारलं. टिल्ली चकित.

“ताई, तुला बरं नाही का?”

“का?”

“आज एकदाही तू मला तारीख विचारली नाहीस.”

समितीच्या आदल्या दिवशी, जेवणाची सुट्टी संपायच्या सुमाराला, टिल्ली ताईंच्या खोलीत शिरली. शिरली म्हणजे चौकटीखालून मान वाकवून आली आणि आत येऊन सरळ झाली, तशी खोली एकदम लहान दिसायला लागली. डोक्याला ऑपरेशनची टोपी तशीच.

“त्या चष्मेवाल्याला फोन लाव.”

“तो बाळंतपणात आहे. काय झालं?”

“माझ्या पानावर ‘पुन्हा’ शून्य आहे. शिंपीकाका कुठं गेले? बघितलं, तर ‘इतर उपचार’मध्ये! बाळाच्या रडण्यानं त्याला झोप नाही, कळतंय मला, पण असं? तू त्याला काहीच कसं बोलली नाहीस? तुझ्या राज्यात हे?”

ताईंनी नमुन्याची झडप उचलली, बघितली, परत ठेवली. “त्यानं नाही केलं.”

“मग?”

“मी केलं.”

टिल्लीनं पुढं येऊन टेबलावर दोन्ही हात टेकले. 

“चुकून?”

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि ताईंना ती दिसलीही. पण आयुष्यभर दुसऱ्यांची ‘चुकून’ परत पाठवलेल्या बाईला स्वतःची खपवता येईना.

“नाही. उद्या समिती आहे. म्हटलं, एकाच डबीनं तुझं टेबल जायला नको.”

“अगं, त्या जंतूवाल्या सरांना तू रडवलंस! मोठ्या सरांचा फॉर्म तू परत पाठवतेस! आणि माझ्यासाठी?”

“तू म्हणजे तू आहेस.”

“हेच! हेच ते!” टिल्लीनं टोपी काढून टेबलावर आपटली. “ताई, ती झडप मी बसवली. ती का गळली ते मला ठाऊक आहे. कड्याखाली चुन्याचा एक खडा होता. खरवडला तर हृदयाची भिंत फाटेल म्हणून मी तो ठेवला आणि त्याच्यावरूनच टाका घेतला. तिथंच गळलं. माझ्या हातानं घेतलेला निर्णय आहे तो, कळलं? माझा आहे! तू तो उचलून परस्पर ‘इतर’मध्ये टाकलास. उद्या दुसऱ्या कुणी विचारलं, की खडा ठेवला तर किती जणांचं गळतं, तर शिंपीकाका त्या मोजणीत नसतील. मीही पुढच्या वेळी म्हणेन, छे, माझ्या हातून कुठं गळलंय कधी!”

“पण टेबल…”

“टेबल मला माझ्या हातांवर हवंय. तुझ्या बोटावर नको.” तिचा आवाज एकदम खाली आला. “तुला काय वाटलं, एका ‘पुन्हा’नं मी मोडेन? सगळ्यांना सांगत फिरतेस, आमच्या टिल्लीचा हात असा, आमच्या टिल्लीचा हात तसा. आणि खरी वेळ आली तर तुझाच त्या हातावर विश्वास नाही.”

हे मात्र वर्मी लागलं. ताईंना वाटत आलं होतं, की बहिणीचा अभिमान त्यांच्याइतका कुणाला नसेल. आता कळलं, की तो अभिमान इतके दिवस उशीच्या टाक्यांवरच अडून बसला होता. पोरगी केव्हाच त्याच्या पुढं निघून गेली होती.

“अर्ज करावा लागेल,” ताई म्हणाल्या. “कुलूप लागलंय.”

“कर मग.”

ताईंनी कोरा अर्ज घेतला आणि कारणाच्या ओळीवर लिहिलं, ‘नजरचुकीने.’ टिल्लीनं वरूनच वाचलं. तिच्या उंचीला दुसरं काही करायची गरज नव्हती.

“हे कारण तू आजवर कुणाचं घेतलंयस?”

ताईंनी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘नोंद करणाऱ्या व्यक्तीने सर्जन आपली बहीण असल्यामुळे जाणूनबुजून चुकीचा रकाना निवडला. झाला उपचार त्याच झडपेवर होता. नोंद “पुन्हा” अशी दुरुस्त करावी.’ खाली सही ठोकली. सही नेहमीपेक्षा जरा मोठीच आली.

मोठे सर आपल्या खोलीत खणांतलं सामान आवरत होते. त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा एखाद्या शाळकरी पोराला मास्तरांच्या फळ्यावर चूक सापडल्यावर पसरतो.

“बाई, हा अर्ज मी परत पाठवतोय.”

“का सर? कारण खरं आहे.”

“कारण उत्तम आहे. तारीख नाही.”

ताईंनी बघितलं. खरंच नव्हती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरांनी तो अर्ज लगेच हातात दिला नाही. आधी नर्सना दाखवला, मग भुलेच्या डॉक्टरांना, आणि असं म्हणतात की लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी पाहुण्यालासुद्धा. मग ताईंनी तारीख घातली, आणि सर गंभीर झाले.

“याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे ना? कुलूप लावायचा-उघडायचा अधिकार तुमच्याकडून जाईल. वर्षभर तरी. तुमच्या फाइलमध्ये नोंद पडेल.”

“पडू दे सर. नोंदी पडण्यासाठीच असतात.”

सरांनी सही केली.

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी लांबलचक टेबलाच्या खोलीत होती. रजिस्ट्रीची पानं वाचून दाखवायचं काम ताईंचंच. समितीत बाहेरून आलेल्या एक मॅडम होत्या, अंगानं किडकिडीत, पण नजर अशी की समोरच्याला आपल्या शर्टाची बटणं तपासावीशी वाटावीत. इतरांची पानं झाली. टिल्लीचं आलं.

ताईंनी वाचलं. किती ऑपरेशनं, किती जण घरी गेले, किती जणांचा पाठपुरावा झाला. मग त्या एका ओळीशी थांबल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारदा मोठ्यानं वाचलेली ओळ ती. पण आज घसा खाकरून, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या, “पुन्हा, एक.”

“ही नोंद वर्ष बंद झाल्यावर बदललेली दिसते,” मॅडम म्हणाल्या. “का?”

“मी ती मुद्दाम चुकीच्या रकान्यात टाकली होती,” ताई म्हणाल्या. “डॉक्टर माझी धाकटी बहीण आहे.”

टेबलाभोवती खुर्च्या करकरल्या. मॅडम टिल्लीकडं वळल्या. “तुम्हाला कधी कळलं?”

“काल, पान उघडल्यावर.”

“मग काय केलंत?”

“भांडले,” टिल्ली म्हणाली. “जोरात.”

“खरं आहे,” कोपऱ्यातून मोठे सर म्हणाले. “माझ्या खोलीपर्यंत ऐकू आलं.”

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. “हे ‘पुन्हा’ का झालं?”

टिल्ली उठली. फळ्यापाशी गेली आणि झडपेचं कडं काढलं, खडा काढला, टाका काढला, गळती कुठून झाली ते दाखवलं. एकही शब्द मऊ केला नाही, एकही फुगवला नाही. ताई बघत होत्या. ही मुलगी स्वतःच्या चुकीचं चित्र असं काढत होती, की जणू ते तिच्या घराचा नकाशाच. कुठल्या पायरीला ठेच लागते हे ठाऊक असलेला माणूस घर दाखवतो ना, तसा.

“तसाच खडा उद्या पुन्हा समोर आला तर?”

“काढीन. भिंत फाटली तर पट्टी लावून शिवीन, वेळ लागला तरी. तेव्हा मी फाटण्याला घाबरले होते. आता शिवण्याची तयारी ठेवून काढीन.”

“पेशंटला सांगितलं होतंत, की गळती कशामुळं झाली?”

“हो. ते म्हणाले, आमच्यातही असं होतं, आम्ही सांगत नाही.”

आता मात्र मॅडमच्या ओठांची एक कड हलली. त्यांनी टिल्लीला बसायला सांगितलं आणि मग दोघी बहिणींना बाहेर थांबायला लावलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघी बाकावर बसल्या. टिल्लीचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते.

“नाही मिळालं तर?” ताईंनी विचारलं.

“तर पुढच्या वर्षी. तू काय करशील? तुझं कुलूप गेलं.”

“बरंच झालं. किल्ल्या जड होत्या.” मग म्हणाल्या, “टिल्ले, चित्र छान काढलंस गं.”

“खडा जरा मोठा झाला.”

“हो. फाइलमध्ये एवढा नाहीये.”

“ताई!”

दार उघडलं. मोठे सर बाहेर आले आणि आधी टिल्लीशी बोलले. “डॉक्टर, टेबल तुमचं. अट एकच. ज्यांची छाती आधी उघडली गेली आहे, अशा पहिल्या काही केसेसना एक अनुभवी सर्जन सोबत उभा राहील. मॅडमचा आग्रह होता.”

“मान्य,” टिल्ली म्हणाली. “त्यांनी सांगितलं नसतं तर मी मागितला असता.”

ताईंना वाटलं होतं, की ही बातमी ऐकली की आपण रडू. रडू आलंच नाही. उलट त्यांची मान अशी ताठ झाली, की उतरता डावा खांदासुद्धा उजव्याच्या बरोबरीला आला असावा.

त्यानंतर ताई ज्याला त्याला सांगत सुटल्या. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये. “आमच्या टिल्लीच्या नावावर एक ‘पुन्हा’ आहे!” ज्यांना संदर्भ माहीत नसे ते म्हणत, अरेरे. ताई म्हणत, “अरेरे कशाला? तिनं स्वतः भांडून लावून घेतलंय.” उशीची गोष्ट मागं पडली. ही गोष्ट मात्र ताईंच्या तोंडी दर आठवड्याला वाढत गेली. महिनाभरात अशी पाळी आली, की टिल्लीनं रजिस्ट्रीच्या खोलीचं दार खांद्यानं पाडलं होतं आणि मॅडमनी खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. ताई स्वतःला अडवत नसत. त्यांना कुणी पुरावा मागतच नव्हतं.

चष्मेवाला रजेवरून परतला तर किल्ल्या त्याच्या टेबलावर. झोप नसलेल्या डोळ्यांनी तो त्यांच्याकडं असा बघत होता, जसं काही कुणी आणखी एक बाळ आणून ठेवलंय.

आणि एका दुपारी मोठे सर खोलीत आले. निवृत्तीला आता थोडेच दिवस उरले होते. काखेत जुन्या, कडा कुरतडलेल्या फाइलींचा गठ्ठा. ताई उठून उभ्या राहिल्या.

“बसा बाई. हे तुमच्या नियमाच्या आधीचं आहे. तारेच्या कामांना तेव्हा रकानाच नव्हता, त्यामुळं कुणी मागितलंही नाही.” सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. “माझ्या बसवलेल्या झडपा, ज्यांना नंतर पुन्हा हात लावावा लागला. शोधून काढल्यात.”

“पण सर, तुमचं पान तर बंद झालं. आता कुणी बघणारही नाही.”

“तेच तर.” सर खुर्ची ओढून बसले आणि मिशीतल्या मिशीत हसले. “तुमच्या बहिणीचं एक आहे, एवढा गाजावाजा चाललाय. माझी चांगली मूठभर आहेत बाई! मी का मागं राहू?”

ताईंचा हात सवयीनं माउसकडं गेला, आणि मग आठवण येऊन मागं आला. त्यांनी गठ्ठा उचलला, दोन्ही हातांनी, आणि समोरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“याच्याकडं द्या सर. आता अधिकार त्याचा.” मग चष्मेवाल्याला म्हणाल्या, “सावकाश कर, पण एकही सोडू नकोस. सरांचं नाव मोठ्या अक्षरांत येऊ दे.”

सरांनी पहिली फाइल उघडली आणि सांगायला लागले. झडप कुणाची होती, कुठं अडलं होतं, तेव्हा हातून काय राहिलं होतं. आवाज हळूहळू चढत गेला, पराक्रम सांगणाऱ्याचा चढतो तसा. दारातून जाणारे डॉक्टर थबकत होते. कॅथ लॅबच्या बाजूनं टिल्ली आली, मान वाकवून चौकटीत उभी राहिली आणि ऐकत राहिली. ताईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि मग त्या खोलीत पहिल्यांदाच, कुणालाही तारीख न विचारता, हातावर हनुवटी टेकून त्याही ऐकायला लागल्या.